महाराष्ट्राच्या विजेसाठी नव्या कोळसा खाणी हव्यातच का?

पळसफूल
नमस्कार मंडळी. मी नागपूरला राहते. आमच्या गच्चीवरून कोराडी औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वारा आमच्या दिशेने असेल त्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसतो. त्यामुळे विजेचा आणि कोळशाचा संबंध मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. मात्र तो कोळसा ज्या गावांतून येतो, त्यांचा विचार मी अलीकडेपर्यंत केला नव्हता.

जून २०२५ मध्ये छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातील तमनार तालुक्यात मुडागाव परिसरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात झाडे तोडण्यात आली. (आपला किल्ले रायगड नव्हे, हे रायगढ.) ती तोड गारे पालमा सेक्टर २ या खाणीसाठी होती. ही खाण आपल्या राज्याच्या महानिर्मिती कंपनीला मिळालेली असून तिचा कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळी येथील केंद्रांसाठी आहे. प्रकल्पाच्या क्षेत्रात चौदा गावे येतात आणि दोनशे हेक्टरांहून अधिक वनजमीन जाते. खाणीची वार्षिक क्षमता २ कोटी ३६ लाख टन आहे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी रद्द केली होती, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा मिळाली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी २०७० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले. २०३० पर्यंत अपेक्षित उत्सर्जनात १०० कोटी टनांची कपात करू, असेही त्याच भाषणात सांगितले होते. पुढे २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि त्याचा मोठा गौरव झाला. १०० कोटी टन हा एकच आकडा एकदा कपातीच्या वचनात आणि एकदा वाढीच्या आनंदात पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे.

मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे की, वीज वापरणारे आपण महाराष्ट्रातील लोक नव्या खाणींशिवाय भागवू शकतो का? भागवू शकत नसलो, तर त्या किती वर्षांसाठी हव्या आहेत, हे आपल्याला कोणी सांगितले आहे का?

ग्रिडवाला
पळसफूल, प्रश्न योग्य आहे. मी वीज क्षेत्रात पंचवीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे उत्तराची दुसरी बाजू मांडतो.

२०२५ च्या मध्याला देशातील स्थापित वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता अजीवाश्म स्रोतांची (म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून सौर, पवन, जल, अणू वगैरेंची) झाली. हे उद्दिष्ट २०३० चे होते, म्हणजे पाच वर्षे आधी गाठले गेले. मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतील सुमारे ७० टक्के वीज अजूनही कोळशाची आहे, कारण सौर पॅनेल दिवसाचे काही तासच काम करतात आणि औष्णिक संच रात्रंदिवस चालतो. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली होती. त्या दिवशी दुपारी सौरविजेचा मोठा आधार मिळाला, पण सूर्य मावळल्यावर पंखे आणि कूलर चालूच राहतात. विदर्भातील मे महिन्याची रात्र कशी असते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

ऑक्टोबर २०२१ आणि एप्रिल २०२२ मधील कोळसाटंचाई मी कामावर असताना पाहिली आहे. केंद्राच्या आवारात दोन दिवसांचाच कोळसा उरलेला असतो, रेल्वेचा रेक (कोळशाची मालगाडी) कुठे अडकला आहे याची विचारणा करणारे फोन रात्रभर चालू असतात आणि शेवटी भारनियमनाचा निर्णय घ्यावा लागतो. भारनियमनात आधी कोणाचे फीडर (वीजवाहिन्या) बंद होतात, हे मी येथे सांगण्याची गरज नाही. त्या काळात आयात कोळसा घ्यावा लागला आणि त्याचा भार ग्राहकांवर पडला. आपण आजही वर्षाला सुमारे २४ कोटी टन कोळसा बाहेरून आणतो. म्हणून देशी खाण वाढवणे म्हणजे आपोआप हवामानाशी द्रोह, असे मला वाटत नाही.

शिवाय दरडोई उत्सर्जनाचा विचार करावाच लागेल. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि अमेरिकन माणसामागे चौदा टनांच्या आसपास.

आकडेमोड
ग्रिडवाला यांचा दरडोई उत्सर्जनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जागतिक न्यायाच्या चर्चेत तो ठामपणे मांडलाच पाहिजे. मात्र तमनारमधील ज्या कुटुंबाची जमीन जाते, त्याचे दरडोई उत्सर्जन या राष्ट्रीय सरासरीच्याही कितीतरी खाली असणार. सरासरी त्याच्या नावाने सांगायची आणि वीज दुसऱ्याने वापरायची, हे योग्य नाही.

आता थोडा हिशेब करू. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ, साधारण ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे एक युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची आहे असे धरले, तर दर महिन्याला १४० किलो कोळसा, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती. स्वयंपाकघरात ही तीन पोती ठेवायची वेळ आली असती, तर हा धागा वीस वर्षांपूर्वीच निघाला असता.

गारे पालमा सेक्टर २ पूर्ण क्षमतेने चालली, तर तिच्या कोळशातून वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. अशी खाण तीस-पस्तीस वर्षांच्या हिशेबाने उघडली जाते. आज उघडलेली खाण २०६० च्या आसपास संपणार असेल, तर कागदावर २०७० च्या वचनाचा भंग होत नाही, आणि नेमकी हीच मेख आहे. वातावरणाला शेवटचे साल कळत नाही. तोपर्यंत एकूण किती कार्बन साठला, त्यावर तापमान ठरते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या आराखड्यात तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल, तर तोवर मंजूर झालेल्या खाणींपलीकडे नवी कोळसा खाण किंवा जुन्या खाणीचा विस्तार नको, असे स्पष्ट म्हटले होते.

आयातीबद्दलही एक शंका आहे. देशी कोळसा आला की आयात तेवढीच कमी होईल, हे गृहीत धरलेले असते. पण परळीसारखी आतल्या भागातील केंद्रे मुळात देशी कोळशासाठीच बांधलेली आहेत.

काळी माती
मी वर्धा नदीच्या खोऱ्यातील शेतकरी आहे. आमच्या साडेतीन एकरांपैकी सव्वादोन एकर खुल्या खाणीत गेले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण भावाची नोकरी तिच्यातच आहे.

आमच्या भागात कोळशाच्या जमिनी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतल्या जातात. गावात कोणी ‘भूसंपादन’ म्हणत नाही; ‘आमच्यावर सेक्शन चार लागले’, ‘आता सेक्शन नऊ लागले’ असेच बोलतात. चार म्हणजे कोळसा शोधण्याची सूचना आणि नऊ म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. सेक्शन चार लागल्यावर बँक कर्जाला टाळाटाळ करते, विहीर खोदावी की नाही हे ठरवता येत नाही आणि मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकायचे म्हटले तर घेणारा मिळत नाही. आमच्याकडे चार ते नऊ हा प्रवास सहा वर्षे चालला. ती सहा वर्षे कोणत्याही मोबदल्यात धरलेली नाहीत.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन एकरांमागे एक नोकरी होती. ज्यांचा सातबारा दोन एकरांच्या आत होता, त्यांनी भावकीतील जमिनी एकत्र करून एका मुलाला नोकरी लावली आणि आज त्या भावांमध्ये बोलणे नाही. आमच्या घरी नोकरी मिळाली, हे मी लपवत नाही. भावाच्या पगारावर माझा मुलगा शिकला.

उरलेले सव्वा एकर खाणीच्या कडेला आहे. रोज दुपारी भोंगा वाजतो, थोड्या वेळाने पायाखालची जमीन हलते आणि मांडणीवरची भांडी एकमेकांवर आपटतात. मागच्या भिंतीला गेलेला तडा आईने तीनदा मातीने लिंपला. चौथ्यांदा तिने हात लावला नाही. कापूस फुटतो तेव्हा बोंडांवर काळी पूड बसलेली असते आणि व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन पाहतो व क्विंटलमागे भाव कमी करतो.

हवामानाच्या परिषदांचे मला फारसे कळत नाही. पण सोयाबीनच्या सोंगणीत येणारा पाऊस आणि मार्चमध्येच सुरू होणारे ऊन मी पाहतो. कोळसा काढताना जमीन आमची गेली आणि तो जाळल्यावर बिघडलेला पाऊसही आमच्याच उरलेल्या तुकड्यावर पडतो.

चांदागढ
काळी माती भाऊ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. सेक्शन चारनंतरच्या त्या सहा वर्षांबद्दल मी यापूर्वी कोठेही वाचले नव्हते.

तिसरी पाळी
मी भूमिगत खाणीत एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. बरीच वर्षे रात्री बारा ते सकाळी आठ ही पाळी केली, म्हणून हे नाव घेतले आहे.

येथे कोळशाला दोष देणारे बरेच लिहिले गेले आणि ते खरेही आहे. मला खाणकामगाराची बाजू सांगायची आहे. खाली उतरल्यावर आम्ही आधी सब्बलाने चाल ठोकून पाहत असू. खाणीच्या छताला आम्ही चाल म्हणतो. आवाज टणक आला तर काम सुरू करायचे, पोकळ आला तर मागे सरायचे आणि टेकू लावायचे. हे कोणत्याही पुस्तकातून येत नाही. आधीच्या माणसाच्या शेजारी उभे राहून कान तयार होतो. त्या कामाचा मला अभिमान आहे आणि माझ्या पिढीच्या अंधारातील श्रमावर या देशातील दिवे लागले, असे मी मानतो.

पण ज्या रोजगाराच्या नावाने नव्या खाणी मागितल्या जातात, तो रोजगार आता तेथे राहिलेला नाही. आमच्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आता खुल्या खाणींतून निघतो. कोल इंडियाचे मनुष्यबळ २००३-०४ मध्ये पाच लाखांच्या घरात होते. आता ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. त्याच काळात उत्पादन दुपटीहून अधिक झाले. खुल्या खाणीतील मातीचे काम कंत्राटाने जाते. डंपरवर बारा-बारा तास बसणाऱ्या मुलाला आमच्यासारखी ना वसाहत, ना दवाखाना, ना निवृत्तिवेतन. त्याला कोळसा बंद होणार असे सांगितले, तर तो चिडेल. पण कोळसा चालू राहूनही त्याचे पोट हातावरच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

खाण संपल्यावर काय होते, हेही पाहा. घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीचे काम झालेले होते. मी ती जागा पाहायला गेलो होतो. खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्यावर माझा पाय आपोआप मागे आला, जसा पोकळ आवाज ऐकल्यावर येत असे.

राइनतीर
मी जर्मनीच्या पश्चिम भागात बारा वर्षे राहत आहे. येथून फार दूर नसलेले ल्युत्सेराथ हे खेडे जानेवारी २०२३ मध्ये लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी रिकामे करून पाडले गेले. तेव्हा भर चिखलात हजारो लोक जमले होते. युरोपने सगळे सोडवले आहे आणि भारतानेच अडवून ठेवले आहे, असे चित्र कोणी रंगवत असेल, तर ते खरे नाही.

मात्र तिसरी पाळी काकांच्या प्रतिसादावरून आठवले ते सांगतो. येथील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉप येथे बंद झाली. ती बंद होणार हे कामगारांना अकरा वर्षे आधीपासून माहीत होते. त्या मुदतीत कोणाला लवकर निवृत्ती, कोणाला दुसरे प्रशिक्षण, असे हळूहळू ठरत गेले. पुढे २०२० च्या कायद्याने २०३८ पर्यंत कोळशाची वीज थांबवण्याचे ठरले आणि कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची तरतूद झाली. एवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मला कळते. पण तारीख सांगायला पैसा लागत नाही.

इरईकाठ
चंद्रपूरहून लिहितो आहे. थोडे विषयांतर वाटेल, पण खाण अडवता येते का, हाही प्रश्न या चर्चेत आहेच.

ताडोबाच्या शेजारी लोहारा येथे खाण प्रस्तावित होती. २००९ मध्ये चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले, उपोषण झाले आणि शेवटी ती खाण झाली नाही. २०२० मध्ये व्यावसायिक लिलावाच्या पहिल्या यादीत आमच्याच जिल्ह्यातील बंदर हा पट्टा होता. तो वाघांच्या ये-जा करण्याच्या मार्गात येतो. राज्याने आक्षेप घेतला आणि पट्टा यादीतून वगळला गेला. म्हणजे महाराष्ट्राने आपल्या जंगलातील खाण योग्य कारणासाठी अडवली, आणि मला त्याचा आनंदच आहे. परंतु तोच महाराष्ट्र तमनारच्या जंगलातील कोळसा स्वतःच्या कंपनीच्या नावाने मागतो, तेव्हा मान खाली जाते. तमनारजवळच्या गारे गावातील लोक २०११ पासून दर २ ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह करतात. दांडीला मीठ उचलले, तसे ते आपल्या जमिनीतील कोळसा स्वतःच्या हाताने उचलतात. चंद्रपूरने हे आधी समजून घ्यायला हवे होते, कारण प्रदूषणाच्या राष्ट्रीय निर्देशांकात २००९ मध्ये आमचे शहर अतिप्रदूषित ठरले होते आणि जानेवारी २०१० मध्ये येथे नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवाव्या लागल्या होत्या.

ग्रिडवाला
इरईकाठ, हा मुद्दा माझ्या मनाला लागला. तरीही एक विचारतो. लोहारा नको, बंदर नको आणि गारे पालमाही नको, तर चंद्रपूरचे २,९२० मेगावॅट कशावर चालवायचे? ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा घेतो. हे संच उद्या बंद करता येणार नाहीत आणि बंद करा असे सांगणाऱ्याने संध्याकाळी सात वाजताची वीज कोठून आणायची, हेही सांगितले पाहिजे.

आकडेमोड
रास्त प्रश्न आहे, म्हणून नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. चालू संच उद्या बंद करा, असे येथे कोणीही म्हटलेले नाही. चालू संचांसाठी चालू खाणी आहेत. एकट्या वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचे) उत्पादन वर्षाला सुमारे ६ कोटी ९० लाख टन आहे आणि त्यातील मोठा वाटा आपल्या विदर्भातील आहे. वाद आहे तो पुढच्या तीस वर्षांची गाठ आज मारायची का, याचा.

संध्याकाळी सातच्या विजेबद्दल दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मागणीची वेळ बदलता येते. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याची जी योजना राज्यात चालू आहे, तिचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे आहे. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता सापा-विंचवांतून मोटर चालू करायला जावे लागू नये, एवढ्यासाठीही ती मोलाची आहेच. शिवाय रात्रीचा भार त्यामुळे उन्हाच्या वेळेत येतो. दुसरी म्हणजे साठवणूक. घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र २००८ पासून आहे. पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे. बॅटरीची किंमत गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरली. चार तासांच्या साठवणुकीसह सौरविजेचा दर २०२४ च्या अखेरीस निविदेत साडेतीन रुपयांच्या आसपास आला, तर नव्या औष्णिक केंद्राची वीज पाच रुपयांहून महाग पडते. मग कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच कशासाठी, हे मला समजत नाही.

ग्रिडवाला
चार तासांची साठवणूक सात वाजताचा प्रश्न सोडवते, पहाटे तीनचा नाही, आणि जुलैतील सलग आठ ढगाळ दिवसांचा तर नाहीच. तेवढ्यासाठी काही औष्णिक संच राखून ठेवावे लागतील, हे माझे मत कायम आहे. पण राखून ठेवलेला संच वर्षभर पूर्ण भाराने चालणाऱ्या संचापेक्षा पुष्कळ कमी कोळसा खातो, हेही मला मान्य केले पाहिजे. त्या हिशेबाने पाहिले, तर वर्षाला २ कोटी ३६ लाख टनांची खाण २०४० नंतर कोणासाठी चालेल, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

काळी माती
ग्रिडवाला साहेब, आपण हे मान्य केलेत याचे मोल मला आहे. आमच्या सुनावणीत मांडवात पुढच्या रांगेत बसलेल्या एकाही माणसाने ‘याचे उत्तर माझ्यापाशी नाही’ असे म्हटले नव्हते.

दिवसाच्या विजेचे खरे आहे. शेजारच्या गावात सौर फीडर आल्यापासून माझा मामा रात्री घरी झोपतो.

पळसफूल
सर्वांचे मनापासून आभार. मी प्रश्न घेऊन आले होते आणि तो आता अधिक स्पष्ट झाला आहे. माझ्या घरच्या विजेसाठी चौदा गावांवर टाच येणार असेल, तर मला निदान विचारण्याचा अधिकार आहे आणि विचारण्याची जागाही आहे. वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग हरकती आणि सूचना मागवतो; कोणताही ग्राहक तेथे लेखी म्हणणे मांडू शकतो. आजवर मी त्या जाहिराती न वाचता पान उलटत असे.

मी निवेदनाचा मसुदा तयार करते आहे. त्यात तीन गोष्टी विचारीन. महानिर्मितीला २०३०, २०४० आणि २०५० साली किती कोळसा लागणार आहे? तो चालू खाणींतून भागत नाही, हे कोणत्या हिशेबाने ठरले? आणि नव्या औष्णिक संचांच्या जागी साठवणुकीसह सौरवीज घेतली, तर ग्राहकाला किती पडेल? आकडेमोड आणि ग्रिडवाला, आपण दोघांनी मसुदा तपासून द्यावा, अशी विनंती आहे. आपले मतभेद असल्यामुळेच आपण दोघेही हवे आहात.

ग्रिडवाला
पाठवा. अवश्य तपासतो. भाराच्या वक्राबद्दलचा (दिवसभरात विजेची मागणी कशी बदलते त्याबद्दलचा) परिच्छेद मीच लिहून देतो.

तिसरी पाळी
पळसफूल ताई, चौथा प्रश्नही घाला. प्रत्येक खाणीसाठी ती बंद करण्याची योजना आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवण्याचा नियम २००९ पासून आहे. गारे पालमाच्या योजनेत खाण बंद होण्याचे साल कोणते लिहिले आहे, त्या साली खड्डा किती खोल असेल आणि तो कशाने भरणार, हे मराठीत आणि छत्तीसगडीत लिहून त्या चौदा गावांच्या ग्रामपंचायतींत लावावे, असे मागा. माझी सही पहिल्या पानावर घ्या. हुद्दा विचारला, तर निवृत्त खाणकामगार असा लिहा.